सहीपुरतं नाव

आशावादी : मुलींसाठी काहीच बदललं नाही, हे तुझं म्हणणं मला पटत नाही. जांबोटीकडून, नंदगडकडून, लोंढ्याकडून सकाळी खानापूरला येणारी कुठलीही बस बघ. दप्तरं घेतलेल्या मुलींनी भरलेली असते. 11 जून 2023 ला कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली आणि साध्या बसमध्ये बायकांना तिकिटाला पैसेच पडेनासे झाले. त्याआधी काय व्हायचं ते मी शाळेत बसून बघितलंय. सातवीचा निकाल लागला की मुलगे हायस्कुलाच्या चौकशीला स्वतः यायचे. मुलींच्या घरून नुसता निरोप यायचा, ‘बाई, दाखला काढून ठेवा, घाई नाही.’ त्या ‘घाई नाही’चा अर्थ सगळ्यांना कळायचा. दोन महिन्यांनी ती मुलगी डोक्यावर पाटी घेऊन भेटायची आणि मान खाली घालायची. जायला यायला पैसे नाहीत, हे कारण तेव्हा कुणीही सांगू शकत होतं. आज ते सांगता येत नाही. आणि मी फक्त डोळ्यांना दिसतं तेवढ्यावर बोलत नाही. 2005-06 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातल्या 20 ते 24 वयाच्या दर 100 बायकांत 40 हून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. 2019-21 च्या पाहणीत ते प्रमाण 21.3 टक्क्यांवर आलं. जवळजवळ निम्मं. माझ्या नोकरीच्या काळातच हे घडलं. त्याला काहीच नाही कसं म्हणू?

साशंक : बाई, तुमची बस खरी आणि आकडाही खरा. पण मधला आकडा तुम्ही गाळलात. 2015-16 च्या पाहणीत कर्नाटकाचं प्रमाण 21.4 होतं. पुढच्या पाहणीत 21.3. म्हणजे दहा वर्षांत निम्म्यावर आलेली गोष्ट पुढे जागची हलली नाही. शेजारच्या महाराष्ट्रात याच काळात 26.3 वरून 21.9 झालं, म्हणजे तिथलं प्रमाणही आपल्याच पातळीवर येऊन पोचलंय. मला हा थांबलेला आकडा जास्त बोलका वाटतो. शाळा जवळ आली, पोषण आहार आला, सायकल आली, मुलीच्या नावचा भाग्यलक्ष्मीचा बाँड आला, तसं ज्या घरांना पैशांमुळेच अडत होतं त्यांनी मुलींना शिकवायला सुरुवात केली. त्याचं श्रेय सरकारला आणि तुमच्यासारख्या बाईंना द्यायला माझी ना नाही. पण जी घरं हलली नाहीत त्यांचं अडतं पैशावर नाही. तिथं प्रश्न असा असतो, की पोरगी रोज घराबाहेर जाणार, कुणाशी बोलणार, कुठली वाट धरणार. आणि बस तरी कुठवर येते? फाट्यापर्यंत. भीमगडच्या जंगलातल्या गवाळी, पास्टोली, कोंगळा, आमगाव या गावांना जाऊन या. पावसाळ्यात तिथं फाटाच इतका लांब, की तिकीट माफ झालं काय आणि नाही काय. मुलगा मामाकडे राहतो, हॉस्टेलवर राहतो, चार पोरांच्या टोळक्यात चालत जातो. मुलीसोबत जायला घरातलं कुणीतरी मोकळं व्हावं लागतं. ते होत नाही आणि शाळा सुटते.

आशावादी : इथं मी तुला अडवते. कारण जंगलातल्या गावांचं दुःख बाहेरची माणसं येऊन भलत्याच खात्यात मांडतात. आमगावात पावसात कुणी आजारी पडलं तर लाकडांना कांबळं बांधून माणसं खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणतात. तापानं फणफणलेला पोरगा असो की अडलेली बाळंतीण, कांबळं तेच आणि ओढाही तोच. अस्वल पाठीमागे लागतं ते बाई का बुवा बघून नाही. भीमगड अभयारण्य 2011 साली जाहीर झालं, तेव्हापासून तिथल्या रस्त्याला, पुलाला, विजेच्या तारेला परवानगीची वाट बघावी लागते. शिवाय सीमाभाग म्हणून आमची वेगळीच गत. सीमावादावरच्या महाजन आयोगानं 1967 साली निपाणी, खानापूर, नंदगडसकट 264 गावं महाराष्ट्राला द्या म्हटलं. ती गेली नाहीत. 2004 पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. ज्या भागाचं राज्य कुठलं याचाच वाद चालू आहे तिथं पूल कोण बांधणार? ही उपेक्षा मुलग्यांनीही तेवढीच भोगली. तिला मुलींवरचा अन्याय म्हटलं की रस्त्याची मागणी बाजूला पडते आणि गावच्या माणसांवर आरोप होतो. गरिबीला गरिबी म्हणू दे.

साशंक : गरिबी आहेच. पण घरात ती सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. एकाच घरातली दोन भावंडं घ्या. पुलाअभावी शाळा दोघांचीही बुडते. मग भाऊ घरी बसतो तेव्हा त्याची शाळा बुडाली असं सगळे म्हणतात. बहीण घरी बसते तेव्हा तिच्याकडे पाणी, सरपण, धाकटं पोर आणि आजीचं औषध येतं, आणि पूल उघडला तरी ही कामं तिला सोडत नाहीत. रोप लावणीच्या दिवसांत कुठल्याही वर्गाचं हजेरीपत्रक उघडून बघा, गैरहजर कोण असतं. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांत भाऊ आजीजवळ गावात राहतो, कारण त्याचं वर्ष जाऊ नये. बहीण भट्टीवर जाते, कारण आईला स्वयंपाकाला हात लागतो. कुणी हे दुष्टपणानं करत नाही. आईबापांना दोन्ही लेकरांची माया सारखीच असते. पण एकाचं वर्ष वाचवायचं असेल तर कुणाचं, हा प्रश्न त्या घरात विचारलाच जात नाही. उत्तर आधीच ठरलेलं असतं.

आता तुम्हाला दुखेल असं बोलते. तुमची मराठी शाळा. सीमाभागात आपण तिच्यासाठी मोर्चे काढले, 1 नोव्हेंबरला काळ्या फिती लावल्या, पटसंख्या घटली म्हणून रडलो. त्या शाळेत आता कोण बसतं? थोडी ऐपत आली की मुलाला इंग्रजी शाळेत घालतात. पिवळी व्हॅन दारात येते, फी भरली जाते, टाय विकत घेतला जातो. त्याच घरातली मुलगी सरकारी मराठी शाळेत चालत जाते, कारण ‘तिला काय, शेवटी परक्याच्या घरी जायचंय.’ हे फक्त आपल्याकडे नाही. खाजगी शाळेत मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा जास्त, हे ‘असर’च्या शिक्षण-पाहण्या देशभरातून सांगत आल्या आहेत. पण आपल्याकडे त्याला आणखी एक धार आहे. मराठी टिकली पाहिजे हे सांगणारा कार्यकर्ता स्वतःच्या मुलाला इंग्रजी माध्यमात घालतो आणि मुलीला मराठीत. म्हणजे भाषेचा अभिमान आपला, आणि त्याची किंमत मोजायला मुलगी.

आशावादी : दुखलं. पण खोटं आहे असं म्हणत नाही. व्हॅनमध्ये बसणारा भाऊ आणि त्या व्हॅनकडे बघत चालणारी बहीण मी शाळेच्या ओट्यावरून रोज बघितलीय. तरीही माझ्या वर्गात आलेली मुलगी ही अपमानाची खूण आहे असं मी समजणार नाही. घरच्यांनी कमी किमतीची म्हणून मराठी शाळेत पाठवली असेल, पण वर्गात आल्यावर तिला जे मिळतं ते कमी किमतीचं नसतं. आपल्या भाषेत गणित कळतं, प्रश्न विचारायला तोंड उघडतं. त्या इंग्रजी शाळेतले कितीतरी मुलगे उत्तरं पाठ करतात आणि अर्थ विचारला की गप्प बसतात. पाठवणाऱ्याचा हेतू आणि शिकणाऱ्याची कमाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात इंदिरा संत शिकवत होत्या त्या काळापासून या जिल्ह्यात मराठी शाळेनं बायकांच्या किती पिढ्या मास्तरणी म्हणून उभ्या केल्या बघ. ज्या घरात बाईला पैशाचा हिशेब कुणी विचारत नव्हतं त्या घरात तिचा पगार येऊ लागला. तो मराठी शाळेतून आला.

साशंक : त्या पिढीला मराठी शाळेत शिकून मराठी शाळेत नोकरी मिळत होती. आजच्या मुलीचं काय होतं ते सांगते. एसएसएलसीपर्यंत ती मराठीत शिकते. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घ्यायचं तर पुस्तकं इंग्रजी. सरकारी नोकरीची परीक्षा द्यायची तर कन्नड हवं. तिच्या हातात जी भाषा आहे ती दहावीला संपते. हीच अडचण भावाची असती तर घरानं बेळगावात खोली घेऊन दिली असती, क्लास लावला असता, गोव्यात कामाला पाठवलं असतं. मुलगी नापास झाली की तो निकाल शेवटचा असतो. ‘डोकं नाही तिला’ एवढं बोललं की पुढच्या मे महिन्यात पाहुणे येतात. दुसरी संधी कुणाला मिळते हे मोजलं पाहिजे बाई. पहिली संधी आता दोघांनाही मिळते, हे मी मान्य करते. पण नापास झालेल्या मुलीसाठी आपल्याकडे कुठलीच बस नाही.

आशावादी : पाहुणे येतात, पण ते परत पाठवता येतात. हेही नवीन आहे. कर्नाटकानं बालविवाहाच्या कायद्यात 2016 ची दुरुस्ती केली. आता अठराच्या आतल्या मुलीचं लग्न मुळातूनच रद्द धरलं जातं, तिला कोर्टात जाऊन ते मोडून घ्यावं लागत नाही. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टानं या दुरुस्तीचं कौतुक केलं आणि इतर राज्यांनीही असं करावं म्हटलं. ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्याला, पीडीओला, लग्न थांबवायचे अधिकार आहेत. मुलांच्या हेल्पलाइनला, 1098 ला, फोन लागतो. माझ्याच एका विद्यार्थिनीनं मैत्रिणीसाठी तो फोन केला होता, हळदीच्या आदल्या दिवशी. पोलीस आले, मांडव उतरला, मुलगी परीक्षेला बसली. पूर्वी ती कुणाला सांगणार होती?

साशंक : त्या मुलीनं केलं ते मोठं धाडस. पण जमिनीवर हा कायदा कसा चालतो तेही बघा. लग्न मुळातूनच रद्द, हे सीमेच्या कर्नाटकाकडच्या बाजूला. पलीकडे महाराष्ट्रात चंदगडला किंवा कागलला गेलं की केंद्राचा 2006 चा कायदा तसाच आहे. तिथं हे लग्न कुणी कोर्टात जाऊन मोडेपर्यंत टिकतं. खानापूरहून चंदगड किती लांब? वऱ्हाडाला एक ट्रॅक्स पुरते. मुलगी इकडची, देऊळ तिकडचं. एकाच मुलीचं एकच लग्न, आणि कोणत्या राज्याचा कायदा लावायचा यावरच वकिलांची भांडणं. समजा, लग्न रद्दच आहे असं ठरलं. ती तर दीड वर्ष नांदलीय, कडेवर मूल आहे. सासर म्हणतं, लग्नच नाही तर ही कोण? माहेर म्हणतं, दिलेली पोरगी परत कशी ठेवायची? ज्या कायद्यानं तिचं रक्षण करायचं त्यानं तिला दोन्ही दारांच्या मधे उभं केलं.

आणि दवाखान्याचं बोला. सतरा वर्षांची गरोदर मुलगी सरकारी दवाखान्यात आली की 2012 च्या पोक्सो कायद्याखाली डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. कायद्याचा हेतू चांगला, मला त्याविरुद्ध बोलायचं नाही. पण परिणाम काय? नवऱ्याला अटक होईल या भीतीनं घरचे तिला दवाखान्यात नेत नाहीत. नेलं तर वय एकोणीस सांगतात. तपासणी नाही, रक्ताच्या गोळ्या नाहीत, गरोदरपणाच्या तायी कार्डावर वय खोटं. ज्या वयात तिला दवाखान्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच वयात दवाखाना तिच्या घराला पोलीस ठाण्यासारखा वाटतो. यावर काय करावं याचं उत्तर माझ्याकडे नाही. कळवणं बंद करा म्हणावं तर ज्या मुलीवर खरंच जबरदस्ती झालीय तिचं शेवटचं दार बंद होतं.

आशावादी : पण निदान ती मुलगी जन्माला आली. हे मी हलक्यानं म्हणत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात 2001 च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर 1000 मुलग्यांमागे 839 मुली होत्या. शाहू महाराजांचा जिल्हा, ऊस, दूध, साखर कारखाने, आणि मुली नाहीत. मग लक्ष्मीकांत देशमुख कलेक्टर असताना 2010 च्या सुमारास तिथं सोनोग्राफी यंत्रांवर नोंद ठेवणारं उपकरण बसवलं गेलं. 2011 ला आकडा 863 वर आला. अजून लाज वाटावी असाच, पण वर चढलेला. आपला बेळगाव जिल्हा तेव्हा 930 च्या आसपास होता. बघ, रस्ता नसलेल्या, पूल नसलेल्या आपल्या भागानं मुलींना जन्म तरी घेऊ दिला. श्रीमंत शेजाऱ्यानं तोही दिला नाही.

साशंक : म्हणूनच मघाशी तुम्ही गरिबीचं नाव घेतलंत तेव्हा मी थांबले होते. गरिबी हेच कारण असतं तर उसाच्या पट्ट्यात मुली जास्त जगायला हव्या होत्या. पैसा आला तशी सोनोग्राफी परवडू लागली, आणि जमीन मोलाची झाली तशी ती वाटून घेणारी मुलगी नकोशी झाली. आपला जिल्हा यात स्वच्छ आहे असंही समजू नका. मार्च 2017 मध्ये मिरजेजवळ म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले 19 भ्रूण सापडले. गर्भपात करताना एक बाई मेली म्हणून ते उघड झालं. म्हैसाळ आपल्या कागवाडला लागून. तपासात दोन्ही राज्यांतले डॉक्टर सापडले, गर्भाची तपासणी एकीकडे आणि पुढचं काम दुसरीकडे. ज्या सीमेवरून आपण साठ वर्षांहून जास्त भांडतोय ती या धंद्याला अडवायला कधी आली नाही.

एके काळी मला वाटायचं, मुली कमी झाल्या की त्यांची किंमत वाढेल. आता त्या कमी झाल्यात. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात नवरदेवाचा पोशाख करून, घोड्यावर बसून लग्नाळू मुलांनी कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला, बायको मिळत नाही म्हणून. पण मुलीची किंमत वाढली ती दलालाच्या हातात. कृष्णाकाठच्या तिशी ओलांडलेल्या मुलग्यांसाठी उत्तर कर्नाटकातल्या गरीब घरांतून मुली आणतात. भाषा परकी, माणसं परकी, आणि ‘एवढे मोजून आणलीय’ हे तिला रोज ऐकावं लागतं.

आशावादी : तू मला दरवेळी सरकारच्या बाजूला उभी करतेस. माझी उमेद योजनांवर नाही. निपाणीच्या वखारींत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या बायका 1980 च्या आसपास एकत्र आल्या तेव्हा त्यांना कुठलं सरकार बोलवायला आलं होतं? धुरळ्यानं छाती भरलेली, मजुरी मुकादमाच्या मर्जीवर, वखारीत काय काय सोसायचं ते घरी बोलायची चोरी. त्यांनी युनियन केली. दीपा धनराज यांच्या ‘युगांतर’ गटानं 1982 मध्ये त्यांच्यावर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा चित्रपट केला, आणि त्यात त्या बायका स्वतः बोलतात.  आपल्या तालुक्यातही रोजगार हमीच्या कामासाठी बायका पंचायतीच्या दारात बसल्या. कारण त्या कामावर बाईला आणि बाप्याला एकच दर. 2024-25 मध्ये कर्नाटकात दिवसाला 349 रुपये, दोघांनाही. शेतात त्याच बाईला बाप्यापेक्षा कमी मजुरी देतात आणि त्याचं कारण कुणी सांगत नाही. सरकारी मस्टरवर पहिल्यांदा तिला कळलं, की कमी देण्याला कारणच नव्हतं. हे एकदा कळलं की परत जाता येत नाही.

साशंक : तुमच्या सगळ्या बोलण्यात हे मला सगळ्यात खरं वाटलं. योजना तिला लाभार्थी करते, युनियननं तिला भांडणारी केली. पण त्या मजुरीचं पुढे काय झालं, हेही वखारवाल्या बायकांच्या मुलींना विचारलं पाहिजे. कितीतरी घरांत ते पैसे मुलीच्या लग्नाला गेले. आईनं धुरळा खाऊन मिळवलेला पैसा जावयाच्या गाडीत गेला आणि लेक त्याच गल्लीत विड्या वळायला बसली. बाईची कमाई वाढते, पण ती कमाई मुलीच्या नावावर साठत नाही. मुलीवरचा खर्च म्हणजे लग्न, आणि ते झालं की तिचा हिशेब मिटला असं घर समजतं. सरकारही तसंच समजतं. महाराष्ट्रात लाडकी बहीण योजना आली तेव्हा इकडच्या कितीतरी मुली चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याला दिलेल्या होत्या. त्यांना अर्ज भरता यावा म्हणून सवलत काय निघाली? परराज्यात जन्मलेल्या बाईनं नवऱ्याचा जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला जोडावा. इकडे कर्नाटकात गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे 2000 रुपये घ्यायचे तर ती रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख हवी, म्हणजे बहुतेक घरांत सासू. बाईला मिळणारा पैसाही नवऱ्याच्या कागदातून नाहीतर सासूच्या नावातून येतो. तिचा स्वतःचा कागद कुठला, तो मला दाखवा.

आशावादी : जमिनीचा उतारा. तूच वकील आहेस, तूच सांग. बापाच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा. कर्नाटकानं आणि महाराष्ट्रानं हे 1994 सालीच केलं, देशानं 2005 साली. 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टानं शंका उरू दिली नाही, 2005 ला बाप हयात असो नसो, मुलीचा हक्क जन्मानं.

साशंक : तो कागद मी रोज बघते, म्हणून तर माझी उमेद आटली. बाप जातो. वारसा लागताना मुलींची नावं उताऱ्यावर चढतात, कारण आता गाळता येत नाहीत. आणि महिन्याभरात भाऊ बहिणींना जीपमध्ये घालून हक्कसोड करायला आणतो. नवी साडी, हॉटेलात जेवण, सब-रजिस्ट्रारसमोर अंगठा नाहीतर सही. शिकलेल्या असतात, बाई. तुमच्याच हाताखाली शिकलेल्या. सुंदर अक्षरात सही करतात. कायद्यानं त्यांचं नाव उताऱ्यावर आणलं ते सहीपुरतं. मी प्रत्येकीला भावापासून बाजूला घेऊन विचारते, तुला कळतंय ना काय सोडतेस? कळत नाही असं एकही म्हणत नाही. त्या म्हणतात, जमीन घेतली तर भाऊबीज बंद होईल.

आशावादी : आणि त्यांचं चुकतं असं तुला वाटतं? विचार कर. सासरी मारहाण झाली, नवरा गेला, दारूत घर बुडालं, तर बाई कुठं जाते? माहेरी. दोन एकरांतला तिसरा हिस्सा पावसाच्या शेतीत तिला वर्षाला किती देणार? त्यापेक्षा उघडं दार तिला जास्त देतं. ती अडाणीपणानं सही करत नाही, ती विमा उतरवते. आणि एक गोष्ट तुझ्या लक्षात येत नाही. माझ्या आईच्या वेळी तिच्या भावांना तिची सही लागलीच नाही. तिला कुणी जीपमध्ये घातलं नाही, विचारलंही नाही. आज भावाला बहिणीच्या दारात जावं लागतं. तिनं मान हलवली नाही तर त्याला कर्ज मिळत नाही, जमीन विकता येत नाही. ती हक्क सोडते, पण सोडण्याइतका तो तिच्या हातात आला, हे तू बघायला तयार नाहीस.

साशंक : एका दुपारपुरता आला. पण तुमचं म्हणणं मी टाकून देत नाही, कारण एकदा मी तेच धरून बघितलं. हक्कसोडपत्रात एक कलम घातलं, की बहिणीवर वेळ आली तर माहेरच्या घरात एक खोली तिला राहायला मिळेल. जे तोंडी असतं तेच कागदावर. भाऊ चांगला माणूस होता, रागावला नाही. म्हणाला, ‘वकीलबाई, हे लिहायला कशाला पाहिजे, ती काय परकी आहे?’ आणि बहीण म्हणाली, काढून टाका, दादाला वाईट वाटेल. मी ते कलम काढलं. उघडं दार असं म्हणता ना तुम्ही? ते लिहून मागितलं की बंद होतं. मग तो विमा कसला? आणि सासरी तिला काय ऐकावं लागतं तेही विसरू नका. हिनं बापाची जमीन भावाला देऊन टाकली, आमच्या घरात काय आणलं?

आशावादी : मग तू काय सांगतेस त्यांना? सही करू नको म्हणून?

साशंक : नाही सांगू शकत. ज्या एकीनं केली नाही तिचं माहेर सात वर्षं तुटलं, आईच्या अंत्यविधीला तिला निरोप गेला नाही. जमीन मात्र तिच्या नावावर आहे आणि तिच्या मुलीची फी त्यातून जाते. तिचं बरोबर की बाकीच्यांचं, मला विचारू नका. मला इतकंच दिसतं, की भावाला ही निवड कधी करावी लागत नाही. त्याला जमीनही मिळते आणि आईही.

आशावादी : मग हे सहीच्या दिवशी कळून उपयोग नाही. आठवीत असताना कळलं पाहिजे. उतारा कसा वाचायचा, वारसा म्हणजे काय, हक्कसोड म्हणजे काय सोडतात. नागरिकशास्त्रात आम्ही राष्ट्रपतीचे अधिकार शिकवले, बापाच्या उताऱ्यावर आपलं नाव कुठं येतं ते कधी शिकवलं नाही. मी हेडमास्तरांशी बोलते. तू येऊन दोन तास घे.

साशंक : येते. पण मुलगेही वर्गात हवेत. सही मागायला उद्या तेच जीप घेऊन येणार आहेत.

आशावादी : मुलगे कुठून आणू? तूच म्हणालीस ना, ते व्हॅनमधून इंग्रजी शाळेत जातात. माझ्या जुन्या शाळेत आठवीच्या बाकांवर मुलीच जास्त उरल्यात.

साशंक : मग आधी त्या इंग्रजी शाळेच्या ट्रस्टींना विचारावं लागेल. ते विचारतील, हा विषय सिलॅबसमध्ये कुठं आहे. आणि त्यांतल्या दोघांच्या बहिणींची हक्कसोडपत्रं मीच लिहिलीत.